घशालाही तीच गोळी आणि गळवालाही तीच

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या पूर्व भागात ३१ वर्षे औषधांचे दुकान चालवून दोन वर्षांपूर्वी मी ते आवरले. दुकान बंद झाले तरी गल्लीतील माणसे औषधाचे पाकीट हातात घेऊन अजूनही माझ्या दारात येतात, आणि त्या पाकिटांत एक गोष्ट मला इतक्या वेळा दिसते की त्याविषयी आपल्या दैनिकातून सर्वांशी बोलावे असे वाटले. घसा धरला, खोकला झाला, पायाला जखम झाली, काखेत गळू आले, काहीही झाले तरी पाकिटात बहुधा सेफिक्झिम या प्रतिजैविकाची (अँटिबायोटिकची) २०० मिलिग्रॅमची पट्टी असते. डॉक्टरांनी लिहिलेली असते, दुकानदाराने दिलेली असते, किंवा घरात मागच्या दुखण्यातून उरलेली असते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या एका यंत्रमाग कामगाराच्या मांडीवर केसतूड झाले. महिन्यापूर्वी त्याच्या मुलीचा घसा दुखत असताना तिला सेफिक्झिम दिले होते. त्या पट्टीचा रिकामा कागद घेऊन तो एका औषध दुकानात गेला, कोणीही चिठ्ठी मागितली नाही आणि त्याला दहा गोळ्या मिळाल्या. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ त्याने त्या नेमाने घेतल्या. गाठ लिंबाएवढी झाली, भोवतालची कातडी लाल आणि गरम झाली, आणि पाचव्या दिवशी ताप भरल्यावर मागासमोर उभे राहणेही त्याला जमेना. सर्जनने चिरा देऊन पू काढला, तो तपासायला पाठवला आणि रक्तातील साखरही पाहिली. साखर बरीच वाढलेली निघाली, आणि त्याला मधुमेह आहे हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते. पुवात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सापडला. त्याच्यासाठी सर्जनने सेफॅलेक्सिन हे जुने प्रतिजैविक लिहिले. रोजचे ड्रेसिंग आणि त्या कॅप्सूल यांवर आठवड्याभरात जखम भरत आली. बरा झाल्यावर त्याने मला विचारले, "अक्का, मी घेतलेली गोळी तर नव्या जमान्याची होती. ती चालली नाही आणि ही जुनी कशी चालली?"

प्रश्न त्याचा असला तरी त्याचे उत्तर आपल्या शहरातील प्रत्येक घराला माहीत असायला हवे, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते.

सेफॅलोस्पोरिन हे प्रतिजैविकांचे एक मोठे घराणे आहे, आणि ही दोन्ही औषधे त्यातलीच. १९४५ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावरील काल्यारी शहरात जुझेप्पे ब्रोत्झू या डॉक्टरांना समुद्रात सोडलेल्या सांडपाण्याजवळ एक बुरशी सापडली. तिच्यातील द्रव्य जिवाणूंना रोखते हे त्यांनी पाहिले, आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड एब्रहम आणि गाय न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळे केले. या मूळ रेणूत फेरफार करून जी औषधे तयार झाली त्यांना सोयीसाठी पिढ्यांची नावे मिळाली. तोंडाने घ्यायच्या औषधांपैकी सेफॅलेक्सिन आणि सेफॅड्रॉक्सिल पहिल्या पिढीतील, सेफुरॉक्झिम दुसऱ्या पिढीतील, तर सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम आणि सेफडिनिर तिसऱ्या पिढीतील आहेत.

माझ्या मते सगळा घोळ या 'पिढी' शब्दामुळे झाला आहे. मोबाइलची नवी पिढी आली की ती जुनीपेक्षा वरचढ असते, तसेच औषधाचेही असणार असे लोक धरून चालतात, आणि खेदाची गोष्ट अशी की काही शिकलेली माणसेही तसेच समजतात. प्रत्यक्षात पिढीगणिक या औषधांचा रोख बदलत गेला आहे. पहिल्या पिढीची औषधे त्वचेवर आणि घशात राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूंवर चांगली चालतात. तिसऱ्या पिढीपर्यंत येताना आतड्यांत आणि मूत्रमार्गात आढळणाऱ्या जिवाणूंवरचा जोर वाढला, पण सेफिक्झिमच्या बाबतीत त्या बदल्यात स्टॅफिलोकॉकसवरचा जोर जवळजवळ गेलाच. केसतूड, गळू, पिकलेली जखम यांत सर्वाधिक वेळा हाच जिवाणू असतो. म्हणजे माझ्या शेजाऱ्याने पाच दिवस जी गोळी मनोभावे घेतली, तिच्याकडून त्या जिवाणूवर काम होण्याची अपेक्षा पहिल्या दिवसापासूनच नव्हती.

त्वचेबद्दल आणखी एक सांगायला हवे. गळवात पू साचला असेल तर खरा उपचार म्हणजे चिरा देऊन तो बाहेर काढणे. पुवाच्या पिशवीत औषध नीट पोहोचत नाही, आणि लहान गळू नीट मोकळे केले तर अनेकदा प्रतिजैविकाची गरजही पडत नाही. कातडी लाल, गरम, दुखरी होऊन लाली पसरत जाते त्या सेल्युलायटिसमध्ये मात्र औषध लागते, आणि तेथे सेफॅलेक्सिन किंवा सेफॅड्रॉक्सिल ही साधी औषधे पुष्कळदा पुरतात. स्टॅफिलोकॉकसचा एमआरएसए नावाचा प्रकार असेल तर तोंडाने घ्यायचे कोणतेही सेफॅलोस्पोरिन, जुने असो वा नवे, त्याच्यावर चालत नाही, म्हणूनच वारंवार होणाऱ्या गळवात पू तपासून घेणे महत्त्वाचे ठरते. मधुमेहाची आठवणही मुद्दाम करते, कारण गळू पुन्हा पुन्हा होणाऱ्या माणसाची साखर तपासण्याला फारसा खर्च येत नाही आणि त्यातून सापडणारी गोष्ट फार मोठी असू शकते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत घामोळ्या येतात, त्या खाजवून पिकतात. नायटा आणि खरूजही खूप दिसते. नायट्याची बुरशी आणि खरजेचा किडा यांच्यावर कोणत्याही सेफॅलोस्पोरिनचा काडीचाही उपयोग नाही, तरी तीच पट्टी तेथेही जाते हे मी स्वतः पाहिले आहे.

आता घसा आणि खोकला. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपता संपता पहाटेची थंडी आणि दिवसाचा धुरळा एकत्र आला की माझ्या दुकानासमोर रांग लागायची. त्यात विडी वळणाऱ्या बायका असत, तंबाखूच्या भुकटीने त्यांचा खोकला वर्षभर चालू असे, आणि मागावरचे तूस नाकातोंडात जाणारे कामगार असत. बहुतेकांची मागणी एकच असायची, "पॉवरची गोळी द्या." सर्दी, घसा बसणे आणि छातीत कफ होऊन येणारा खोकला यांतील बहुतांश दुखणी विषाणूंमुळे होतात. सेफॅलोस्पोरिन जिवाणूच्या पेशीची भिंत बांधू देत नाही, हेच त्याचे काम, आणि विषाणूला अशी भिंतच नसते. सर्दी आठ-दहा दिवस राहते आणि साध्या ब्राँकायटिसचा, म्हणजे श्वासनलिका सुजून येणारा, खोकला सरासरी अडीच-तीन आठवडे चालतो. लोकांना वाटते की तो पाच दिवसांत थांबायला हवा. थांबला नाही की औषध बदलून आणखी जोरकस काहीतरी घ्यावे असे वाटते, आणि तिसऱ्या आठवड्यात खोकला आपोआप उतरला की त्याचे श्रेय शेवटच्या पट्टीला मिळते. बेडका पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे जिवाणू आले, ही समजूतही तितकीच खोलवर रुजली आहे आणि तितकीच चुकीची आहे.

घसादुखीत जिवाणूचा वाटा असतो, तो नाकारता येत नाही. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनस या जिवाणूमुळे मुलांमध्ये साधारण २० ते ३० टक्के आणि प्रौढांमध्ये ५ ते १५ टक्के घसे दुखतात. ताप, टॉन्सिलवर पांढरे डाग, गळ्यातील दुखऱ्या गाठी ही लक्षणे असतील आणि खोकला व नाक वाहणे नसेल, तर डॉक्टरांनी तो संशय घ्यावा आणि उपचार करावा, कारण उपचार न केल्यास काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. त्या उपचाराची पहिली निवड मात्र आजही पेनिसिलिन किंवा अमोक्सिसिलिन हीच आहे, तीही दहा दिवस. इतक्या वर्षांत हा जिवाणू पेनिसिलिनला दाद द्यायचे थांबलेला नाही. ज्याला पेनिसिलिनची सौम्य ॲलर्जी आहे त्याला सेफॅलेक्सिन किंवा सेफॅड्रॉक्सिल देता येते. ज्याला पेनिसिलिनने धाप लागली, ओठ सुजले किंवा चक्कर येऊन तो कोसळला, त्याने ही गोष्ट डॉक्टरांना प्रत्येक वेळी आवर्जून सांगावी, कारण अमोक्सिसिलिन आणि सेफॅड्रॉक्सिल यांच्या रेणूंची बाजूची साखळी सारखी आहे आणि तेथे धोका जास्त असतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांपैकी दहा टक्के लोकांना सेफॅलोस्पोरिनचीही ॲलर्जी असते हा आमच्या शिकण्याच्या काळातील आकडा आता फार वाढीव ठरला आहे, पण आपल्याला नेमके काय झाले होते हे रुग्णाने लिहून ठेवलेले बरे.

लहान मुलांच्या खोकल्यात आईवडिलांनी रंग पाहण्यापेक्षा श्वास मोजावा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचे. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर दुकानात न जाता थेट दवाखाना गाठावा. तेथेही साध्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पहिले औषध म्हणून अमोक्सिसिलिनच सुचवलेले आहे. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त चालला तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी व्हायलाच हवी. ती सरकारी केंद्रांत मोफत होते. एकामागून एक पट्ट्या संपवत दोन-दोन महिने घालवलेली आणि शेवटी क्षयाचे निदान झालेली माणसे माझ्या गिऱ्हाइकांत होती, आणि त्या वेळी मी त्यांना थांबवायला हवे होते ही टोचणी मला आजही आहे.

एखाद्याला वाटेल, गरज नसताना घेतली तर काय बिघडते, फार तर पोट बिघडेल. पोट बिघडते हे खरेच, आणि क्वचित ते गंभीरही होते. त्याहून मोठे नुकसान दिसत नाही. आपल्या आतड्यांत कोट्यवधी जिवाणू असतात. तिसऱ्या पिढीचे औषध पोटात गेले की त्यांतील साधे मरतात आणि औषध तोडणारे द्रव्य बनवू शकणारे मागे उरून वाढतात. पुढे कधीतरी त्याच माणसाला, अनेकदा घरातील वयस्कर बाईला, लघवीचा संसर्ग होतो आणि तपासणीच्या अहवालात गोळ्यांच्या नावांपुढे ओळीने 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) हे अक्षर येते. मग गोळीने बरे व्हायचे दुखणे शिरेतून द्यायच्या इंजेक्शनांवर जाते. असे अहवाल माझ्या दुकानात पूर्वी वर्षाकाठी एखादा येत असे. शेवटच्या वर्षांत ते पाहणे नेहमीचे झाले होते. जगभरात २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा अंदाज सुमारे १२ लाख ७० हजार आहे.

सेफिक्झिम वाईट औषध आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. टायफॉईडमध्ये ते आपल्याकडे आजही उपयोगी पडते, आणि म्हणूनच ते जपायला हवे. पाकिस्तानात सिंधमधील हैदराबादेत २०१६ पासून असा टायफॉईड पसरला की त्यावर तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन चालेनाशी झाली आणि तोंडाने घेण्यासारखे एक ॲझिथ्रोमायसिनच हातात उरले. आपल्याकडे पावसाळ्यात पाण्याची काय अवस्था असते हे सोलापूरकरांना सांगायला नको. ज्या गोळीची तेव्हा गरज पडणार आहे ती आपण सर्दीवर खर्च करत आहोत. सेफिक्झिम आणि ॲझिथ्रोमायसिन एकाच गोळीत घालून घशासाठी देणाऱ्या जोडगोळ्या मला म्हणूनच सर्वांत जास्त खटकतात.

याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली. सेफॅलेक्सिन आणि सेफॅड्रॉक्सिल सहज वापरावयाच्या पहिल्या गटात आहेत, तर सेफुरॉक्झिम, सेफिक्झिम आणि सेफपोडॉक्झिम जपून वापरावयाच्या दुसऱ्या गटात. आपल्या देशातील कायदाही स्पष्ट आहे. तिसऱ्या पिढीची ही औषधे १ मार्च २०१४ पासून एच-१ या अनुसूचीत आहेत. वेष्टनावर लाल चौकटीतील इशारा असतो, चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत, आणि डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या ही नोंद वेगळ्या वहीत करून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. सेफॅलेक्सिनलाही चिठ्ठी लागतेच, फक्त त्या वेगळ्या वहीची सक्ती नाही. माझ्या व्यवसायबंधूंना हे सारे तोंडपाठ आहे. तरीही रिकाम्या पट्टीवर गोळ्या दिल्या जातात, आणि मीही सुरुवातीच्या अनेक वर्षांत त्या दिल्या आहेत, कारण आपण नाही म्हटले तर गिऱ्हाईक पुढच्या चौकातून घेते हा विचार दर वेळी बरोबर वाटतो. मी पुढे ठामपणे नकार द्यायला लागले तेव्हा काही गिऱ्हाइके तुटली. पण जी राहिली ती दहा मिनिटे थांबून माझे ऐकू लागली.

औषध खरोखर लिहून दिलेले असेल तेव्हाही ते कसे घ्यायचे हे कोणी सांगत नाही. सेफपोडॉक्झिम आणि सेफुरॉक्झिमच्या गोळ्या जेवणाबरोबर घेतल्या तर अंगी नीट लागतात, आणि पोटातील आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी त्यांचे शोषण घटते. आपल्याकडे प्रत्येक प्रतिजैविकाबरोबर ॲसिडिटीची गोळी लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून या दोन औषधांच्या बाबतीत तिची खरोखर गरज आहे का, हे रुग्णाने विचारावे. लहान मुलांच्या ड्राय सिरपमध्ये उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावे, प्रत्येक वेळी बाटली हलवावी, आणि लेबलवर लिहिलेले दिवस उलटले की उरलेले औषध टाकून द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते आधी सांगावे, कारण यांतील बहुतेक औषधांची मात्रा कमी करावी लागते. आणि दोन गोळ्यांनी बरे वाटले म्हणून उरलेल्या आठ फ्रिजवर ठेवू नयेत. माझ्या शेजाऱ्याची गोष्टही मागच्या दुखण्यातल्या एका रिकाम्या पट्टीपासूनच सुरू झाली होती.

डॉक्टरांविषयी माझ्या मनात आदर आहे. सकाळच्या ओपीडीत शंभर माणसे बसलेली असताना प्रत्येकाला विषाणू समजावून सांगणे किती अवघड आहे हे मी काउंटरच्या अलीकडून पाहिले आहे. तरी त्यांना माझी एक विनंती आहे की त्यांनी चिठ्ठीवर औषधाशेजारी ते कशासाठी आणि किती दिवस हे दोन शब्द लिहावेत. 'गळू, सात दिवस' एवढे लिहिले तरी दुकानदार चुकीची पट्टी देताना थबकेल, आणि तीच चिठ्ठी तीन महिन्यांनी घशासाठी पुढे आली तर त्याला नाही म्हणायला आधार मिळेल. आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पू, लघवी आणि रक्त यांचे नमुने रोज तपासले जातात. शहरात कोणता जिवाणू कोणत्या औषधाला किती प्रमाणात दाद देतो, याचा एक पानी तक्ता दरवर्षी प्रत्येक खासगी दवाखान्यात आणि औषध दुकानात पोहोचावा. सोलापूरच्या गळवावर सोलापूरच्या आकड्यांवरून औषध निवडता आले तर अंदाजाने तिसऱ्या पिढीकडे धावण्याचे कारण उरणार नाही. अन्न व औषध प्रशासनाने एच-१ ची वही तपासताना केवळ ती भरलेली आहे का एवढेच न पाहता खरेदी झालेल्या पट्ट्या आणि नोंदलेले रुग्ण यांचा मेळ लावावा.

संपादक महोदय, आपणही आठवड्यातून एकदा एक चौकट या विषयाला द्यावी, आणि ती आमच्या भागातील तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या घरांतील मुले आजीआजोबांना वाचून दाखवू शकतील इतक्या सोप्या मराठीत असावी. औषध दुकानांत नव्याने लागलेल्या तरुण फार्मासिस्टना नोंदवही कशी भरावी, चिठ्ठी नसलेल्या माणसाला न दुखावता कसे परत पाठवावे आणि त्याला कोणती लक्षणे सांगून दवाखान्यात धाडावे, हे शिकवायला मी कोणत्याही रविवारी सकाळी विनामूल्य येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त फार्मासिस्ट, सोलापूर